रोजच्या पाच ओळी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला, ‘ध्येय आणि स्वप्न’. मी म्हटलं, अरे बाबांनो, आपण सगळे त्रेसष्ट-चौसष्टचे. आपल्याला आता ध्येयापेक्षा गुडघ्यांवर बोलणं जास्त शोभेल. त्यावर मला सांगण्यात आलं, की गुडघ्यांवर आपले डॉक्टर मित्र दुपारच्या सत्रात बोलणार आहेत, तू स्वप्नांवर बोल. म्हणून उभी आहे.

मी मोठी कोणी नाही. पोस्टात लागले, अडतीस वर्षं नोकरी केली आणि 2021 मध्ये निवृत्त झाले. तुमच्यापैकी काही जणांनी कारखाने काढले, काही जण परदेशात स्थायिक झाले. माझ्याकडे सांगण्यासारखं एकच आहे. शाळेत असताना मनात धरलेली एक गोष्ट मी सत्तावन्नाव्या वर्षी करायला घेतली आणि ती झाली. कशी झाली आणि झाल्यावर काय झालं, एवढंच सांगते.

आमच्या माहेरच्या घरात माळ्यावर एक लाकडी पेटी होती. तिच्यात लाल कापडात बांधलेले कागद. आमच्याकडे त्याला ‘रुमाल’ म्हणत. दसऱ्याला आई तो रुमाल खाली काढायची, हळदकुंकू वाहायची, आपट्याचं पान ठेवायची आणि पुन्हा वर. घरात सगळ्यांची समजूत अशी, की नदीकाठचा मळा आमच्या पूर्वजांना लढाईतल्या पराक्रमाबद्दल इनाम मिळाला आणि त्याची सनद त्या रुमालात आहे. कोणत्या लढाईत, कोणाकडून, हे मात्र कोणालाच सांगता येत नसे. कारण ते कागद वाचणारं घरात कोणी उरलं नव्हतं. आजोबा मोडीत सही करत. वडिलांना तीही येत नव्हती.

आठवीत असताना त्यातला एक कागद मी वहीत घालून शाळेत आणला आणि इतिहासाच्या सरांना दाखवला. सर आज समोर बसले आहेत. सर, तुम्हाला आठवत असेल-नसेल, पण तुम्ही त्या दिवशी वर्गासमोर म्हणालात, “ही मोडी आहे. मला ती येत नाही. तू शीक आणि मला वाचून दाखव.” शिक्षक ‘मला येत नाही’ म्हणतात, हे मी पहिल्यांदा ऐकलं होतं. मला मोडी शिकायची होती, ती त्या दिवसापासून.

मग दहावी झाली, बारावी झाली, पोस्टातली नोकरी लागली, लग्न झालं. बदल्या, दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण. हे सगळं तुम्हा प्रत्येकाच्या घरी झालेलं आहे, त्याचं रडगाणं मी गाणार नाही. ती कामंही करायचीच होती आणि ती केल्याचा मला आनंद आहे. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्या चाळीस वर्षांत मला कोणी विचारलं, की तुला काय करायचं आहे, तर मी म्हणायची, “मला मोडी शिकायची आहे.” प्रत्येक वेळी तेच वाक्य. त्या वाक्यात ‘कधी’ नव्हतं, ‘कुठे’ नव्हतं आणि ‘किती’ही नव्हतं. माझ्या मते स्वप्न आणि ध्येय यांत फरक आहे तो एवढाच. स्वप्नाला तारीख नसते. म्हणून ते चाळीस वर्षं जसंच्या तसं टिकतं. न शिजवलेल्या तांदळासारखं ते खराब होत नाही, पण पोटही भरत नाही.

तारीख कशी पडली ते सांगते. 2018 च्या मे महिन्यात भावाचा फोन आला. जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं होतं. पेटी उघडली तर रुमालाला कसर लागलेली. काही कागदांची चाळण झाली होती. भाऊ म्हणाला, “ताई, यातलं कोणालाच काही कळत नाही. आईची पूजा होईपर्यंत ठेवू, पुढच्या वर्षी नदीत सोडून देऊ.” तो काही वाईट बोलला नाही. न वाचता येणारा कागद घरात किती दिवस ठेवायचा? आई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती. तिने फोन हातात घेतला आणि एवढंच म्हणाली, “मी साठ वर्षं हळदकुंकू वाहिलं. त्यात काय लिहिलंय, तेवढं मला जाण्याआधी कळू दे.”

मी मोडीच्या वर्गाला नाव घातलं ते त्याच आठवड्यात. पुण्यात असे वर्ग भरतात. वर्गात मी सर्वांत मोठी नव्हते, माझ्याहून मोठे तिघे होते. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या.

मोडी म्हणजे काय, हे थोडं सांगते, कारण ज्यांच्या घरी असे कागद आहेत ते इथे बरेच असतील. भाषा मराठीच, लिपी वेगळी. लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता त्या रेघेखाली अक्षरं जोडत जाई. त्यामुळे शब्द कुठे संपला हे दिसत नाही. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. र्‍हस्व-दीर्घाचा भेद नाही, म्हणजे आपल्या शुद्धलेखनाच्या बाईंनी तिथे सगळ्यांना शून्य दिलं असतं! नेहमीचे शब्द तोडून लिहायचे. ‘राजश्री’ न लिहिता ‘रा’ आणि पुढे दोन उभ्या रेघा. आणि रकमेत मात्र दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा, एक रेघ म्हणजे पाव. तारखांची तऱ्हा आणखी निराळी. पेशवाईतल्या कागदात सन अरबी अंकांत येतं. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण 1171. हे सुहूर सन. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1770 आणि वर्षाचा उत्तरार्ध असेल तर 1771. आधी शब्द ओळखायचा, मग बेरीज करायची. आपल्या गणिताच्या सरांनाही हा कागद आवडला असता.

मुळाक्षरं तीन आठवड्यांत आली. मला वाटलं, झालंच. मग बाईंनी एक खरा कागद समोर ठेवला. पहिली ओळ वाचायला मला एक तास दहा मिनिटं लागली आणि तिच्यातला एक शब्द तरीही सुटला नाही. त्या रात्री मी हिशेब केला. आमच्या रुमालात लहानमोठे मिळून 143 कागद होते. या गतीने वाचले तर आईची शंभरी उलटेल.

तेव्हा मी जे ठरवलं ते मला आज तुमच्यासमोर ठेवायचं आहे. मी असं ठरवलं नाही, की वर्षभरात सगळा रुमाल वाचीन. ते माझ्या हातात नव्हतं. कागद किती फाटलाय, लिहिणाऱ्याचा हात कसा आहे, यावर ते अवलंबून. मी ठरवलं, रोज पाच ओळी. जेवणं झाली, ओटा आवरला, की पाच ओळी. त्या वाचता आल्या पाहिजेत अशी अट नाही. त्यांच्यासमोर बसायचं, जे सुटेल ते डाव्या पानावर देवनागरीत लिहायचं, जे सुटणार नाही तिथे रिकामी जागा सोडायची आणि पुढे जायचं. पाचच्या वर जायचं नाही, हीसुद्धा अट. उत्साहाने एके दिवशी तीस ओळी केल्या की पुढचे चार दिवस आपण वही उघडत नाही, हे मला भिशीपासून योगासनांपर्यंत सगळ्यात अनुभवाने माहीत होतं.

पोस्टातली नोकरी इथे कामाला आली. आयुष्यभर मी लोकांचं अक्षर वाचलं होतं. पत्ता लागत नसेल तर आम्ही काय करतो? एका शब्दाशी भांडत बसत नाही. आधी तालुका बघायचा, मग आडनाव, मग गावाचं नाव आपोआप लागतं. मोडीतही तेच. न सुटलेला शब्द दोन पानं पुढे पुन्हा भेटतो आणि तिथे तो स्पष्ट असतो. मग मागे येऊन रिकामी जागा भरायची. माझ्या पहिल्या वहीत अशा रिकाम्या जागा इतक्या होत्या, की नातू म्हणाला, “आजी, तू गाळलेल्या जागा भरा सोडवतेस का?” म्हटलं, हो रे बाबा.

2020 मध्ये टाळेबंदी लागली, वर्ग बंद झाले. पाच ओळी चालू राहिल्या. वर्गाला कुलूप लागलं तरी पाच ओळींना कुठे जायचं नव्हतं. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं, की पाच ओळींना आता वीस मिनिटं लागतात.

मोठ्या माणसांचं असंच झालेलं दिसतं. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे मुंबईच्या हायकोर्टात वकिली करत होते. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाला प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राचा इतिहास थोडक्यात लिहावा, एवढाच त्यांचा मूळ विचार. ती प्रस्तावना वाढत गेली. पहिला खंड 1930 मध्ये आला, पाचवा 1962 मध्ये पूर्ण झाला. तेव्हा काणे ब्याऐंशी वर्षांचे होते. 1963 मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. पहिल्याच दिवशी ‘मी बत्तीस वर्षांत पाच खंड लिहीन’ असं ठरवून बसले असते तर त्यांनासुद्धा दडपण आलं असतं, असं मला आपलं वाटतं.

आणि उशीर झाला म्हणणाऱ्यांसाठी महर्षी कर्वे आहेत. त्यांचा आपल्या साताऱ्याशी एक संबंध आहे. लहानपणी ते कोकणातल्या मुरूडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला परीक्षेसाठी आले आणि फार लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. तेच कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले, 1914 मध्ये निवृत्त झाले आणि 1916 मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. पुढे ते एकशे चार वर्षं जगले. म्हणजे विद्यापीठ काढलं तेव्हा त्यांची शेहेचाळीस वर्षं अजून शिल्लक होती. आपली किती शिल्लक आहेत, हे आपल्याला कुठे माहीत आहे?

आता रुमालात काय निघालं, ते. इतका वेळ तुम्ही त्याचीच वाट बघता आहात.

सनद निघाली नाही. लढाई निघाली नाही. निघाले ते कर्जरोखे, पावत्या, धान्याच्या उधारीच्या याद्या आणि एक गहाणखत. बहुतेक सगळे इंग्रजी अमलातले. गहाणखतावर ‘शके 1799 ईश्वरनाम संवत्सरे’ असं होतं, म्हणजे 1877 साल. दख्खनवर 1876 ते 1878 असा मोठा दुष्काळ पडला होता, त्यातलं मधलं वर्ष. गावातल्या एका शेतकऱ्याने आमच्या खापरपणजोबांकडून चाळीस रुपये घेतले, व्याज दरमहा दरशेकडा दोन रुपये, आणि नदीकाठचा मळा गहाण ठेवला. पुढच्या कागदांत व्याज मुदलात मिळवत नेलेलं. शेवटच्या कागदात मळा आमचा. इनामी मळा तो हा.

आपण शाळेत 1875 चे दख्खनचे दंगे शिकलो. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांत शिरून रोखे जाळले. त्यानंतर सरकारने 1879 मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा केला. पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि सातारा या जिल्ह्यांना तो आधी लागू झाला. पाच मार्कांचा प्रश्न होता, तुम्ही सगळ्यांनी लिहिला असेल. तो प्रश्न आमच्या माळ्यावर लाल कापडात बांधलेला होता आणि आम्ही त्याची पूजा करत होतो.

दोन रात्री मला झोप लागली नाही. आईला सांगायचं की नाही? ती तेव्हा शहाऐंशीची. साठ-बासष्ट वर्षांची तिची श्रद्धा. पण विचारलं तिनेच होतं. मी तिच्या शेजारी बसले आणि कागद वाचून दाखवला, जसा होता तसा. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे मी व्याजाला हळदकुंकू वाहत होते म्हणायची.” आणि हसली. हसणं थांबल्यावर म्हणाली, “ती माणसं अजून गावात आहेत ना? त्यांच्याकडे जाऊन ये.”

ते घर अजून गावात आहे. त्या घरातल्या माणसांनी दोन पिढ्या त्याच मळ्यात आमच्याकडे वाट्याने काम केलेलं आहे. मी गेले. भाऊही आला, थोडा नाराजीने, पण आला. घरातल्या आजोबांसमोर मी गहाणखत वाचलं. माझी छाती धडधडत होती. ते रागावतील, जमीन मागतील, निदान उठून जातील असं मला वाटत होतं. सगळं ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला, “बाई, आमच्या माणसाचं नाव लिहिलंय का त्यात?”

मी नाव वाचलं. मग त्याच्या बापाचं नाव वाचलं, कारण खतात ते असतं. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून नावाशेजारी लेखनिकाने नांगर काढला होता. कुणब्याची निशाणी नांगर, ही जुनी पद्धत. बोटाच्या पेराएवढा नांगर. आजोबांनी कागद हातात घेतला आणि तो नांगर बघत राहिले. त्यांना आपल्या आजोबांच्या पलीकडचं एकही नाव माहीत नव्हतं. त्यांच्या घरात कागद नव्हताच. त्यांचा कागद आमच्या पेटीत होता.

पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. दीडशे वर्षांपूर्वीच्या कागदाने सातबारा बदलत नाही, हे ते जाणतात आणि मीही जाणते. मळ्याचं काय करायचं, याची दोन्ही घरांत बोलणी चालू आहेत. भावाने एवढं कबूल केलं आहे, की त्यांना विचारल्याशिवाय तो विकायचा नाही. गहाणखताची मोठी प्रत करून, खाली देवनागरीत मजकूर लिहून मी त्यांच्या घरी दिली. ती त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी लावलेली आहे. आणि आईने गेल्या दसऱ्याला रुमाल काढला. हळदकुंकू वाहिलं का? वाहिलं. म्हणाली, “आता मला माहीत आहे कशाला वाहते ते. त्या नांगराला.”

मित्रांनो, म्हणून स्वप्नाबद्दल मला जे सांगायचं आहे त्यातलं हे सर्वांत महत्त्वाचं. स्वप्न पूर्ण होतं तेव्हा आपण मनात रंगवलेलंच हाती येतं असं नाही. मला सनद हवी होती, मिळालं गहाणखत. पण वाचायला शिकले नसते तर भावाने तो कागद नदीत सोडला असता आणि त्याबरोबर एका माणसाचं नाव कायमचं गेलं असतं. मी मोडी शिकले ती माझ्या घराण्यासाठी. तिचा पहिला उपयोग झाला तो दुसऱ्याच घराला.

आता तुमच्याविषयी. काल रात्री गप्पा मारताना मी मुद्दाम एकेकाला विचारत होते. एकीला पेटी शिकायची आहे. एकाला सायकलवरून कन्याकुमारीला जायचं आहे. एकाला वडिलांशी तुटलेल्या चुलत्यांच्या घरी एकदा जाऊन यायचं आहे. तिघांच्याही वाक्यात ‘एकदा कधीतरी’ होतं. मी कोणाचं नाव घेत नाही, ज्याचं त्याला कळलं आहे! माझी विनंती एवढीच, की त्या ‘कधीतरी’च्या जागी एक तारीख लिहा आणि रोजचा वाटा इतका लहान ठेवा, की तो टाळायची लाज वाटेल. पेटीवर रोज एक अलंकार. सायकल रोज पाच किलोमीटर. चुलत्यांना मात्र पाच ओळींचंसुद्धा पत्र पुरेल. पोस्ट अजून चालू आहे, मी खात्री देते.

सर, तुम्ही मला एक काम दिलं होतं. पन्नास वर्षं झाली. आठवीत दाखवलेला तो कागद मी आज बरोबर आणला आहे. त्यात विशेष काही नाही, अडीच मण जोंधळ्याची पावती आहे. चहाच्या वेळी तुमच्याजवळ येऊन बसते आणि वाचून दाखवते. मार्क द्यायचे की नाहीत ते तुम्ही ठरवा.

आणि ज्यांच्या घरी, माळ्यावर, ट्रंकेत असे कागद असतील, त्यांनी ते रद्दीत घालण्याआधी मला दाखवा. उन्हात वाळवू नका, टेप लावू नका, नुसते कोरड्या सुती कापडात ठेवा. माझा नंबर स्मरणिकेच्या यादीत आहे. फुकट वाचून देईन, पण रोज पाच ओळींच्या हिशेबाने. घाई असेल त्यांनी स्वतः शिकावं.